दप्तराचें निर्लेखन

नागपुराहून रायपुराकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, भंडारा व साकोली यांच्या दरम्यान, लाखनी हें तालुक्याचें गांव आहे. भोंवतालचा मुलूख तळ्यांचा आणि धानाचा. पावसाळ्यांत रोवणी आटोपली, कीं थोड्याच दिवसांत बांध्यांतून निंदणास आरंभ होतो. चिखलांत वांकून निंदणाऱ्या बाया एकेक तण उपटून धुऱ्यावर टाकीत जातात. या कामाचें कसब दोन गोष्टींत आहे. धानाचें रोप कोणतें आणि तण कोणतें हें ओळखावें लागतें, आणि तण शेंड्याशीं न खुडतां मुळासकट काढावें लागतें. रोप उपटलें गेलें तर पीक बुडतें; मूळ राहून गेलें तर तेंच तण पुनः डोकें वर काढतें.

महाराष्ट्रांतील सरकारी कचेऱ्यांत जुन्या कागदांची छाननी करून मुदत संपलेले कागद नष्ट करण्याच्या कामास ‘निंदणीकरण’ म्हणतात. शेतांतला हा शब्द कचेरींतहि तितकाच समर्पक आहे. त्याच कचेऱ्यांत दुसरा एक शब्द रूढ आहे, तो ‘निर्लेखन’. खुर्ची मोडली, टंकलेखनाचें यंत्र निकामी झालें, संगणक जुना झाला, म्हणजे जडवस्तु-संग्रहाच्या नोंदवहींतून ती वस्तु रीतसर कमी केली जाते, तें निर्लेखन. खुर्चीच्या बाबतींत तेवढ्यानें काम संपतें. संगणकाच्या बाबतींत मात्र तेवढ्यानें कामास आरंभहि होत नाहीं. कारण वहींतील लेख गेला, तरी यंत्राच्या पोटांतील लेख जसाच्या तसा असतो. विद्यापीठें आणि महाविद्यालयें यांच्या जुन्या संगणकांचा, तबकड्यांचा आणि फितींचा प्रश्न तो हाच.

लाखनी येथील समर्थ महाविद्यालय नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराज विद्यापीठाशीं संलग्न आहे. या विद्यापीठाची स्थापना ४ ऑगस्ट १९२३ रोजीं ‘नागपूर विद्यापीठ’ या नांवानें झाली. सर बिपिन कृष्ण बोस हे त्याचे पहिले कुलगुरु. सध्यांचें नांव त्यास २००५ सालीं मिळालें. आरंभींच्या काळांत विद्यार्थ्याची विद्यापीठाच्या दप्तरीं असलेली ओळख फार आटोपशीर असे: त्याचें नांव, वडिलांचें नांव, विषय आणि मिळालेले गुण. आतां एखाद्या शेतमजुराची मुलगी लाखनीसारख्या गांवीं महाविद्यालयांत नांव घालते, तेव्हां तिची जन्मतारीख, जातीचा दाखला, वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला, आधार क्रमांक, शिष्यवृत्तीसाठीं दिलेला बँकेच्या खात्याचा क्रमांक, दूरध्वनीचा क्रमांक, छायाचित्र आणि सही एवढा सारा ऐवज संगणकांत जाऊन बसतो. यांतील एकेक गोष्ट सुटी पाहिली तर क्षुल्लक वाटेल; पण सर्व एके ठिकाणीं परक्याच्या हातीं पडल्या, तर तिच्या नांवानें खोटा व्यवहार करणें त्यास फारसें अवघड राहत नाहीं. सुखवस्तु कुटुंबास अशा फसवणुकीविरुद्ध दाद मागण्याची साधनें तरी असतात. या मुलीची शिष्यवृत्ति गेली, तर तिच्या शिक्षणाचें वर्षच जातें. तिनें तो ऐवज संस्थेच्या स्वाधीन केला, तो संस्थेवरील विश्वासानें. तेव्हां त्या ऐवजाचा जन्म जसा संस्थेच्या हातून झाला, तसा त्याचा अंतहि संस्थेच्याच हातून आणि तिच्या डोळ्यांदेखत झाला पाहिजे.

लिहिलेलें नाहींसें करणें हें लिहिण्याहून अवघड असतें, हा अनुभव मात्र संगणकाबरोबर आलेला नाहीं. विदर्भांत सुमारें दीड हजार वर्षांपूर्वीं वाकाटक राजे राज्य करीत होते. त्यांचे ताम्रपट व शिलालेख महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं संपादून १९६३ सालीं प्रसिद्ध केले. दान दिलेली जमीन चंद्रसूर्य असेपर्यंत त्या कुळाकडे चालावी, म्हणून प्राचीन राजे सनद तांब्यावर कोरून देत. परंतु तांबें कांहीं फुकट मिळत नव्हतें. त्यामुळें जुनी सनद निरुपयोगी झाली, म्हणजे तिचा पत्रा ठोकून सपाट करावा आणि त्यावर नवी सनद कोरावी, असा व्यवहारहि कोठें कोठें होत असे. असे दुहेरी लेखांचे ताम्रपट आपल्या देशांत अभ्यासकांना सांपडले आहेत. अशा पत्र्यावर तिरपा उजेड पाडून पाहिलें, कीं नव्या अक्षरांच्या खालून जुन्या अक्षरांच्या खुणा डोकावूं लागतात. हातोडा मारणाऱ्या कारागिरास वाटलें कीं अक्षर गेलें. वस्तुतः तें केवळ दबलें होतें. पुसणाऱ्याच्या डोळ्यांपेक्षां पुढें वाचणाऱ्याचे डोळे अधिक तीक्ष्ण निघूं शकतात, हा या पत्र्यांचा पहिला धडा.

याच्या उलट उदाहरण भंडारा शहरांत पाहावयास मिळतें. पितळी भांड्यांसाठीं हें शहर जुन्या काळापासून नांवाजलेलें आहे. लग्नांत आहेर म्हणून आलेल्या भांड्यावर देणाराचें नांव कोरलेलें असतें. तें भांडें फुटलें आणि मोडींत दिलें, म्हणजे तें मुशींत जातें, वितळतें, आणि त्याबरोबर त्यावरचें नांवहि कायमचें जातें. त्या पितळेचें पुढें नवें घंगाळ घडलें, तरी कितीहि तिरपा उजेड पाडून जुनें नांव त्यावर दिसावयाचें नाहीं. ठोकणें आणि वितळविणें यांतील हें अंतर ध्यानांत ठेवलें, म्हणजे पुढील सर्व विवेचन सोपें होईल.

कागदाच्या युगांत महाराष्ट्रावर ओढवलेलें संकट वेगळ्या जातीचें होतें. पेशवाई १८१८ सालीं बुडाली. त्यानंतर जुन्या घराण्यांच्या वाड्यांतून पडलेले मोडी कागदांचे रुमाल कांहीं वाळवीनें खाल्ले, कांहीं पावसानें कुजले, आणि कांहीं घरच्याच माणसांनीं अडगळ म्हणून रद्दींत काढले. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे (१८६३–१९२६) यांनीं गांवोगांव पायपीट करून अशा कागदांचा उद्धार केला. ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला आणि पुढें या मालेचे २२ खंड झाले. १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. पुण्यांतच सरकारच्या ताब्यांत असलेल्या पेशवे दप्तरांतून गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं निवडक कागद काढून १९३० नंतरच्या थोड्याच वर्षांत त्यांचे ४५ खंड सिद्ध केले. ज्या रुमालास राजवाडे भेटले, त्याचा इतिहास झाला. ज्यास वाणी भेटला, त्याच्या पुड्या झाल्या. येथें तण समजून रोपच उपटलें गेलें होतें.

काय राखावें आणि काय घालवावें, हें घरमालकाच्या किंवा कारकुनाच्या लहरीवर सोडतां येत नाहीं, ही जाणीव सरकारासहि होती. १९१७ सालीं त्या वेळच्या हिंदुस्थान सरकारनें कागदपत्रांच्या नाशासंबंधीं एक कायदा केला आणि न्यायालयें व महसूल खात्याचे वरिष्ठ अधिकारी यांना याविषयीं नियम करण्याचा अधिकार दिला. स्वातंत्र्यानंतर १९९३ सालीं सार्वजनिक अभिलेखांचा कायदा झाला. त्यानें केंद्र सरकारच्या दप्तरांतील १८९२ पूर्वींच्या कागदास विशेष संरक्षण दिलें. असा कागद वापरण्यापलीकडे जीर्ण झाला आहे असें अभिलेखागाराच्या प्रमुखाचें मत पडल्याखेरीज तो नष्ट करतां येत नाहीं. महाराष्ट्रानें आपला स्वतंत्र कायदा २००५ च्या नांवें केला. राज्याच्या कचेऱ्यांत कागदांची वर्गवारी ठरलेली आहे: ‘अ’ वर्गाचे कागद कायमचे, ‘ब’ वर्गाचे ३० वर्षें, ‘क’ वर्गाचे १० वर्षें, ‘क-१’ वर्गाचे ५ वर्षें, आणि ‘ड’ वर्गाचे एक वर्ष ठेवावयाचे. या पद्धतीची खरी थोरवी अशी, कीं प्रकरण बंद होतांच त्याच्या कागदांचें आयुष्य ठरून जातें. पुढें तें प्रकरण कोणास अडचणीचें होईल किंवा कोणास सोयीचें होईल, याचा विचार करण्यास जागा उरत नाहीं.

विद्यापीठाच्या बाबतींत ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. १९९९ सालीं नागपूर विद्यापीठांत परीक्षेच्या गुणांतील फेरफाराचें मोठें प्रकरण उघडकीस आलें आणि त्यानें सारें विदर्भ हादरून गेलें. असला गुन्हा शाबीत करावयाचा, तर जुन्या उत्तरपत्रिका आणि गुणांच्या नोंदी यांच्यावांचून दुसरा साक्षीदार नसतो. अर्थात् जी रीत विद्यार्थिनीच्या खासगी माहितीचें रक्षण करते, तीच रीत अपराध्याच्या हातीं पडली तर पुरावा बुडविण्याचें साधन होते. म्हणून नाश कसा करावा या प्रश्नाइतकाच, तो कोणाच्या हुकुमानें, कोणासमक्ष आणि कोणत्या दिवशीं करावा हाहि प्रश्न मोठा आहे. सर्वोच्च न्यायालयानें ९ ऑगस्ट २०११ रोजीं दिलेल्या निकालानें परीक्षार्थ्यास माहितीच्या अधिकाराखालीं स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मिळाला. परंतु संस्थेच्या नियमाप्रमाणें उत्तरपत्रिका जितके दिवस जपून ठेवावयाची, तितकेच दिवस हा हक्क चालेल, असेंहि त्याच निकालांत स्पष्ट झालें. म्हणजे राखण्याची मुदत हा कारकुनी तपशील नव्हे. नागरिकाचा हक्क कोठवर पोंचतो, तें त्या मुदतीनें ठरतें.

आतां कागद सोडून चुंबकाकडे वळावें. १८९८ सालीं डेन्मार्कचा वाल्डेमार पॉल्सेन यानें पोलादी तारेवर चुंबकाच्या योगानें मनुष्याचा आवाज उमटवून दाखविला. नभोवाणीचा प्रपंच पुढें ज्या ध्वनिफितींवर चालला, त्यांचें मूळ या तारेंत आहे. या लेखनाचा विशेष असा, कीं त्यास शाई नाहीं, छिन्नी नाहीं. त्याच तारेवर जुना आवाज पुसून नवा उमटवितां येतो. १९५६ सालीं अमेरिकेच्या आयबीएम कंपनीनें हीच विद्या फिरत्या तबकड्यांवर उतरविली. दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्यांचें तें धूड एका टनाहून अधिक वजनाचें होतें आणि त्यांत सुमारें ५० लक्ष अक्षरें मावत. आज खिशांत मावणाऱ्या बोटाएवढ्या पेन ड्राइव्हमध्यें त्याच्या हजारों पट मजकूर राहतो. एका महाविद्यालयाचें वीस वर्षांचें सारें दप्तर भाजीच्या पिशवींतून नेतां येतें, ही सोय खरी. पण तें त्याच पिशवींतून हरवतांहि येतें.

संगणकावर एखादी फाइल ‘पुसली’ म्हणजे काय होतें, याविषयीं सुशिक्षित माणसांतहि मोठा गैरसमज आहे. शाळेच्या हजेरीपटांतून एखाद्या मुलाचें नांव कमी केलें, म्हणून तो मुलगा बाकावरून नाहींसा होत नाहीं. दुसरा मुलगा येऊन त्या जागीं बसेपर्यंत तो तेथेंच बसून राहतो. संगणकाचेंहि तसेंच आहे. पुसण्याची आज्ञा दिली, कीं यंत्र बहुधा आपल्या अनुक्रमणिकेंतील नोंद तेवढी काढतें आणि ती जागा मोकळी समजतें. मूळ मजकूर, त्यावर दुसरें कांहीं लिहिलें जाईपर्यंत, तेथेंच पडून असतो. घाईघाईनें तबकडी ‘फॉरमॅट’ केली, तरी पुष्कळदां अनुक्रमणिकाच नवी होते. आंतली पानें जुनींच राहतात. तीं वाचण्याचीं साधनें बाजारांत सहज मिळतात.

हें प्रत्यक्ष किती घडतें, याचा शोध अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेंत शिकणारे सिम्सन गार्फिंकेल आणि अभि शेलाट यांनीं घेतला. त्यांनीं जुन्या बाजारांतून १५८ हार्ड डिस्का विकत घेतल्या. त्यांपैकीं १२९ चालू निघाल्या. रीतसर साफ केलेल्या होत्या त्या अवघ्या १२! बाकीच्या पुष्कळांत लोकांचीं पत्रें, पैशाचे हिशेब, आजाराच्या नोंदी अशी नाना प्रकारची सामग्री मिळाली. एक तबकडी तर बँकेच्या पैसे देणाऱ्या यंत्रांतून निघालेली होती आणि तिच्यांत ग्राहकांच्या खात्यांचे क्रमांक होते. हा निबंध २००३ सालीं प्रसिद्ध झाला. या तबकड्या विकणाऱ्यांत चोर कोणी नव्हता. वहींत निर्लेखन झालें म्हणजे काम संपलें, असें मानणारीं तीं साधीं माणसें आणि सरळ संस्था होत्या.

मग तबकडी साफ कशी करावी? चुंबकीय तबकडीस सर्वांत सोपा उपाय म्हणजे तिच्या प्रत्येक जागेवर निरर्थक मजकूर लिहून जुना झांकून टाकणें. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठाचे पीटर गटमन यांनीं १९९६ सालीं या विषयावर एक निबंध वाचला. त्या वेळीं प्रचारांत असलेल्या निरनिराळ्या जातींच्या तबकड्या ध्यानांत घेऊन त्यांनीं एकावर एक असे ३५ वेळां लिहिण्याचे प्रकार सांगितले. लोकांनीं मात्र तो आंकडा मंत्रासारखा धरला आणि कोणत्याहि तबकडीस ३५ आवर्तनें करूं लागले. पुढें गटमन यांनींच याविषयीं खुलासा केला, कीं एका तबकडीस हीं सर्व आवर्तनें लागत नाहींत. अमेरिकेच्या मानक संस्थेनें २००६ सालीं काढलेल्या मार्गदर्शिकेंत तर अलीकडच्या चुंबकीय तबकडीस एकच संपूर्ण आवर्तन बहुधा पुरेसें मानलें आहे. या मार्गदर्शिकेनें नाशाच्या तीन पायऱ्या सांगितल्या. पहिली वरवर साफ करणें, म्हणजे साध्या साधनांनीं मजकूर परत मिळूं नये इतकें; दुसरी निर्मूल करणें, म्हणजे प्रयोगशाळेंतील जाणत्यासहि तो मिळूं नये इतकें; आणि तिसरी ती वस्तूच नष्ट करणें. प्रबळ चुंबकाच्या यंत्रांत घालून तबकडीची चुंबकीय रचना विसकटणें हा दुसऱ्या पायरीचा एक प्रकार. कुटून भुगा करणें किंवा वितळविणें हे तिसरीचे. भंडाऱ्याच्या कासारास ही पायरी समजावून सांगण्याची गरज नाहीं.

एवढ्यांत काळ पुढें सरकला आणि फिरत्या तबकडीची जागा फ्लॅश स्मृतीच्या साठवणीनें घेतली. पेन ड्राइव्ह, मोबाइलमधील कार्ड आणि नव्या संगणकांतील ‘एसएसडी’ हीं सर्व याच कुळांतलीं. यांत चुंबक नाहीं. मजकूर विजेच्या भारानें सूक्ष्म कोठ्यांत राहतो. त्यामुळें चुंबकाच्या यंत्रांत घालून त्याचें कांहीं बिघडत नाहीं. शिवाय या कोठ्या वरचेवर लिहिल्यानें झिजतात. म्हणून यंत्र स्वतःच युक्ति करून प्रत्येक नवा मजकूर वेगळ्या कोठींत ठेवतें. म्हणजे मालक समजतो कीं त्यानें जुन्या ओळीवर नवी ओळ लिहिली. प्रत्यक्षांत नवी ओळ दुसऱ्या पानावर गेलेली असते आणि जुनी तशीच असते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील संशोधकांनीं २०११ सालीं अशा साठवणी उघडून त्यांतील कोठ्या वाचून पाहिल्या. एकेक फाइल वेगळी पुसण्याच्या ज्या रीती चुंबकीय तबकडीस लागू पडत, त्यांतील एकहि येथें भरंवशाची ठरली नाहीं. यंत्र बनविणाऱ्यानें आंतच ठेवलेली संपूर्ण पुसण्याची आज्ञा बरोबर चालली तर उत्तम. पण कांहीं यंत्रांत तीच सदोष आढळली. यावर खरा तोडगा आरंभींच करावयाचा असतो. पहिल्या दिवसापासून सर्व मजकूर गूढलिपींत ठेवावा आणि यंत्र मोडींत काढतेवेळीं तिची किल्ली नष्ट करावी. किल्ली गेली, म्हणजे कुलुपाआडचा ऐवज कोणाच्याच कामाचा राहत नाहीं.

यंत्र फोडणें हाहि दिसतो तितका निर्वाणीचा उपाय नव्हे. १९८९ सालीं पूर्व जर्मनीची राजवट कोसळतांना तेथील गुप्त पोलिसांनीं आपले कागद हातांनीं फाडले. त्यांचे सुमारें १६,००० पोतीं तुकडे पुढें लोकांच्या हातीं लागले, आणि १९९५ पासून ते जुळविण्याचें काम सुरू झालें. फाडलेलें पान हें मेलेलें पान नव्हे. तबकडीवर हातोड्याचा एक घाव घालणें हें ताम्रपट ठोकण्यापैकींच आहे; आणि एसएसडींतील एखादी चकती जरी अखंड राहिली, तरी तिच्यावरील मजकूर जिवंत राहूं शकतो.

या सगळ्यांत रोपाचा विसर पडतां कामा नये. मनुष्य १९६९ सालीं चंद्रावर उतरला, त्या वेळीं तेथून आलेलीं मूळ चित्रें अमेरिकेनें चुंबकीय फितींवर घेतलीं होतीं. पुढें फितींची टंचाई पडली तेव्हां त्या जुन्या फितींबरोबर याहि पुसून पुनः वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष तेथील अवकाश संस्थेनें २००९ सालीं जाहीर केला. दूरचित्रवाणीवर दाखविलेल्या प्रती उरल्या, मूळ गेलें. जेथें एवढ्या थोर प्रसंगाचें रोप तण समजून उपटलें जातें, तेथें एखाद्या तालुक्याच्या महाविद्यालयांतील जुन्या पदवीधराची गुणपत्रिका अनवधानानें पुसली जाण्यास कितीसा वेळ लागणार!

आपल्या देशांत कायद्यानें या प्रश्नाकडे दोन वाटांनीं येऊन पाहिलें आहे. पहिली वाट कचऱ्याची. जुन्या संगणकांत शिसें व इतर विषारी धातु असतात; सोन्याच्या कणासाठीं कोणी ते उघड्यावर जाळतो, कोणी आम्लांत बुडवितो, आणि तें विष माती, पाणी व काम करणारांचे देह यांत उतरतें. यासाठीं इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचे पहिले नियम १ मे २०१२ पासून आणि सुधारलेले नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून अंमलांत आले. त्यांचा आशय असा, कीं हा माल रस्त्यावरच्या भंगारवाल्यास न देतां नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाराकडे जावा. दुसरी वाट खासगीपणाची. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्यें व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले. ज्या कामासाठीं माहिती घेतली तें काम संपलें, आणि ती राखण्याची दुसऱ्या कोणत्या कायद्यानें सक्ति नसली, म्हणजे ती पुसलीच पाहिजे, असें हा कायदा सांगतो. माहितीच्या रक्षणांत हयगय करणारास २५० कोटि रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यांत आहे.

परंतु दंडाच्या भयानें काम करणारी संस्था फार तर भय संपेपर्यंत काम करते. लाखनीसारख्या गांवच्या महाविद्यालयास जें करणें शक्य आहे, तें खर्चाचें नसून शिस्तीचें आहे. जडवस्तूंच्या नोंदवहींत संगणकाची एक ओळ असते. तिच्याखालीं त्याच्या हार्ड डिस्कचा स्वतंत्र क्रमांक लिहावा, म्हणजे यंत्र गेलें तरी तबकडीचा हिशेब राहील. मोठ्या छायाप्रत यंत्रांच्या पोटांतहि पुष्कळदां तबकडी असते, आणि त्यांवर दाखल्यांच्या प्रती उमटलेल्या असूं शकतात. ती विसरूं नये. भाड्यानें आणलेलें यंत्र परत जातांना किंवा बिघडलेलें दुरुस्तीस जातांना आंत काय जात आहे, तें पाहावें. कायमच्या नोंदी प्रथम दोन ठिकाणीं सुरक्षित ठेवून, त्या उघडून वाचून खात्री करून घ्यावी. मगच जुन्या तबकडीस हात लावावा. पुसण्याचें काम एकट्यावर सोंपवूं नये. दोन साक्षीदारांसमक्ष तें व्हावें, तबकडीचा क्रमांक, तारीख आणि रीत लिहून पंचनामा व्हावा, आणि तो पंचनामा स्वतः ‘अ’ वर्गाच्या कागदाप्रमाणें राखावा. चुंबकीय तबकडी पूर्ण लिहून काढण्याचीं साधनें फुकट मिळतात. जी तबकडी बिघडल्यामुळें लिहितां येत नाहीं, ती नोंदणीकृत ठिकाणीं समक्ष भुगा करून घ्यावी आणि तसा दाखला मागून घ्यावा. एखाद्या प्रकरणाची चौकशी चालू असेल, तर ती संपेपर्यंत त्यासंबंधींच्या एकाहि तबकडीस कोणी शिवूं नये.

हें सारें वाचून कोणास वाटेल, कीं एका जुन्या यंत्रासाठीं एवढा खटाटोप कशास? त्याचें उत्तर नागपूरच्या मोठ्या कचेरींत नसून लाखनीच्या बांधींत आहे. निंदण हें कामच असें आहे, कीं तें नीट झालें तर डोळ्यांस कांहीं दिसत नाहीं. धान पिकतें, कापणी होते, रास घरीं येते, आणि तण कोणी उपटलें याची चौकशी कोणी करीत नाहीं. पण तें झालें नाहीं, म्हणजे मात्र साऱ्या गांवास दिसतें. ज्या मुलीनें विश्वासानें आपला दाखला, आपली सही आणि आपला खातेक्रमांक महाविद्यालयाच्या खिडकींतून आंत सरकविला, तिला तिच्या कागदांचें पुढें काय झालें हें बहुधा कधींच कळणार नाहीं. तें तिला कधीं कळण्याची वेळ येऊं नये, एवढ्यासाठींच हें निंदण आहे.